पंक्तिप्रपंच मधल्या सुट्टीत दिसतो

प्रश्न: पुण्यातल्या एका आंतरराष्ट्रीय शाळेत मी पाच वर्षं शिकवते आहे. यंदा सर्वसमावेशकता समितीचं काम माझ्याकडे आलं. आमच्याकडे झेंड्यांची भिंत आहे, आंतरराष्ट्रीय दिवस थाटात होतो, नव्या मुलाला आठवडाभर सोबती दिला जातो. तरी गेल्या महिन्यातल्या पाहणीत बऱ्याच मुलांनी ‘या शाळेत माझं असं कुणी नाही’ या वाक्यापुढे खूण केली. त्यात परदेशी मुलं होती, तशी पुण्यातलीही होती. सुरुवात कुठून करू?

उत्तर:

जेवणाच्या हॉलपासून करा. समितीची पहिली बैठकसुद्धा त्यानंतर घ्या. पंधरा दिवस रोज मधल्या सुट्टीत तिथे उभ्या राहा आणि फक्त बघा. कोण कुणासाठी जागा धरून ठेवतं, कोण ताट हातात घेऊन हॉलभर नजर फिरवतं आणि शेवटी भिंतीकडे तोंड करून बसतं. वर्गातली बसायची जागा शिक्षक ठरवतात, म्हणून तिथे सगळं सुरळीत दिसतं. जेवताना कुणाशेजारी बसायचं हे मुलं ठरवतात. पंक्तिप्रपंच हा शब्द आपल्या भाषेने जेवणाच्या पंगतीवरूनच घडवला, तो उगाच नाही.

मी एकोणीस वर्षं मुंबईत आणि मग पुण्यात अशा शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते आहे. पहिली काही वर्षं माझीही फलक आणि सभा यांतच गेली. माझे डोळे उघडले ते हॉल पुसणाऱ्या एका मावशींमुळे. पाचवीत एक कोरियन मुलगी होती, वडील चाकणच्या एका कारखान्यात. अभ्यासात ठीक, वर्गात शांत, तक्रार कधी नाही. तिच्या नावापुढे ‘छान रुळली आहे’ अशी नोंद होती आणि ती मीच केली होती. एक दिवस मावशी म्हणाल्या, “मॅडम, ती पोरगी एका जेवणात चार वेळा बाटली भरायला जाते. बाटली भरलेलीच असते.” दुसऱ्या दिवशी मी पाहिलं. ती दोन घास खायची, उठायची, कूलरपाशी जाऊन बाटलीतलं पाणी ओतायची, पुन्हा भरायची आणि सावकाश परत यायची. चाळीस मिनिटं एकटीने काढायची तर हाताला काम हवं, आणि ते असं हवं की बघणाऱ्याला एकटेपण कळू नये.

तेव्हापासून मी बाटल्या बघते. रोज पुस्तक बदलायला ग्रंथालयात येणारी मुलं बघते. दर मंगळवारी डोकं दुखतं म्हणून नर्सच्या खोलीत येणारा मुलगा बघते, आणि मंगळवारी कोणता तास असतो तेही बघते. सुट्टीत बाईंना मदत करायला आपणहून थांबणाऱ्या गुणी मुलांकडे तर फार लक्ष द्या. त्यांचं कौतुक होतं, आणि त्या कौतुकाआड त्यांचं बाहेर न जाणं लपून जातं.

तुमच्या समितीत म्हणूनच मावशी हव्यात, बसचे काका हवेत, ग्रंथपाल आणि गेटवरचे रखवालदारही हवेत. आणि ती बैठक मराठीत घ्या. इंग्रजीत घेतलीत तर ज्यांना सगळं माहीत आहे तीच माणसं गप्प बसतील.

दुसरं काम कागदाचं. जेकब मोरेनो या मानसोपचारतज्ज्ञाने १९३० च्या दशकात सोशिओग्राम नावाची साधी पद्धत रूढ केली. ती आजही माझ्या सगळ्यात उपयोगाची आहे. प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून तीन प्रश्न विचारा. डबा कुणाबरोबर खायला आवडतो? गटकामात कोण बरोबर हवं? अडचण आली तर शाळेतल्या कोणत्या मोठ्या माणसाकडे जाशील? ‘कोण आवडत नाही’ हे मात्र कधीही विचारू नका. नावं गोलात लिहा, निवडीचे बाण काढा आणि ज्या नावाकडे एकही बाण येत नाही ती नावं बघा. कागद कुलपात ठेवा, मुलांच्या नजरेला पडू देऊ नका. बाण काढण्याआधी वर्गशिक्षकांना अंदाज विचारून ठेवा. माझ्या अनुभवात त्यांचा अंदाज आणि कागद यांत बरंच अंतर पडतं, कारण शिक्षकांना त्रास देणारी मुलं आठवतात आणि एकटी मुलं त्रास देत नाहीत. तिसऱ्या प्रश्नाची कोरी राहिलेली उत्तरं मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतात.

आता बाण नसलेल्या मुलाचं करायचं काय? वर्गात प्रेमळपणावर पाठ घेऊ नका. मुलं पाठ ऐकतात, दोन दिवस त्या मुलाला दयेने खेळायला घेतात आणि तिसऱ्या दिवशी विसरतात. दयेने मिळालेली जागा त्या मुलालाही कळते. शाळेने दार उघडलं, खुर्ची दिली, म्हणजे मूल आत आलं एवढंच. आपल्यावाचून इथे कुणाचं तरी अडतं, हे जेव्हा त्याला कळतं तेव्हा शाळा त्याची होते. माझं सगळं काम याच एका गोष्टीवर उभं आहे.

त्या कोरियन मुलीच्या कंपासपेटीत प्लास्टिकचे पाच रंगीत खडे असायचे. कोरियात गोंगी नावाचा खेळ आहे, त्याचे. मावशींनी ते पाहिले आणि म्हणाल्या, “हे तर आमचे सागरगोटे!” मधल्या सुट्टीत हॉलबाहेरच्या कट्ट्यावर दोघी बसल्या. एक वर उडवायचा, खालचा उचलायचा, वरचा झेलायचा. शेवटी पाचही खडे उडवून पालथ्या हातावर झेलायचे, तेही दोन्हीकडे सारखंच निघालं. भाषा लागलीच नाही. आठवड्याभरात भोवती सात-आठ मुली जमल्या, मग मुलगेही आले. कुणाचा डाव, कुणाचा खडा हलला, याचा निवाडा ती मुलगी करू लागली. ती एक दिवस तापाने आली नाही तेव्हा चौघीजणी मला विचारायला आल्या की ती कुठे आहे. त्या दिवशी मी माझी जुनी नोंद खोडून नवी लिहिली.

प्रत्येक मुलाच्या कंपासपेटीत सागरगोटे नसतात, हे खरं. पण प्रत्येकाला काहीतरी येतं. ते शोधायला घरी फोन करावा लागतो. “तो घरी कशात रमतो?” हा प्रश्न प्रवेशाच्या अर्जात नसतोच.

सोबती देण्याची तुमची पद्धत मोडीत काढू नका, बदला. बहुतेक शाळांत हे काम वर्गातल्या सगळ्यात शहाण्या मुलीकडे जातं. ती आठवडाभर नव्या मुलाला शाळा दाखवते, शुक्रवारी तिचं काम संपतं, आणि सोमवारी नव्या मुलाला कळतं की मैत्री नव्हती, नेमणूक होती. त्याऐवजी दोघांना नेमा. एक गेल्या वर्षी नवीन आलेला, कारण नवखेपणाचे चटके त्याला अजून आठवतात. दुसरा त्याच बसने जाणारा. बसमध्ये रोज पाऊणएक तास सक्तीने शेजारी बसणं होतं, आणि त्यात जे जुळतं ते ओळख करून देण्याच्या खेळांनी जुळत नाही. सहा आठवड्यांच्या आत ही सोबत संपवू नका.

नावाचं बघा. पहिल्याच दिवशी हजेरी घेताना बाई अडखळतात, वर्ग हसतो, आणि मूल घाईने म्हणतं, “मला केविन म्हणा.” शाळा उघडण्याआधी फोनवर त्याच्याच तोंडून नाव ऐका आणि देवनागरीत लिहून घ्या. कोरियन आणि जपानी नावं रोमनपेक्षा देवनागरीत कितीतरी नीट उतरतात, ही आपल्या हातातली सोय आहे. तरीही त्याला केविनच आवडत असेल तर केविन म्हणा. निवड त्याची हवी.

भाषेबद्दल शिक्षकांची एक चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की तिच्यासाठी वेगळी बैठक घ्याच. जिम कमिन्स या कॅनडातल्या अभ्यासकाने फार पूर्वी दाखवून दिलं की मूल नव्या भाषेत खेळण्या-बोलण्यापुरतं साधारण दोन वर्षांत तयार होतं, पण त्याच भाषेत विज्ञानाचा उतारा समजून घेऊन लिहायला पाच ते सात वर्षं लागतात. आपण मैदानावर त्याचं इंग्रजी ऐकतो, ‘आलं की याला’ म्हणतो, मदतीचे तास बंद करतो आणि सहा महिन्यांनी प्रगतिपत्रकात ‘लक्ष देत नाही’ असं लिहितो. त्याच्या आधीच्या टप्प्यात काही मुलं कित्येक आठवडे अजिबात बोलत नाहीत. ती ऐकत असतात. त्यांना उभं करून बोलायला लावू नका. आणि पालकांना “घरीही इंग्रजीच बोला” असा सल्ला तर कुणी देऊ नये. आईची भाषा पक्की असलेलं मूल दुसरी भाषा लवकर धरतं. शिवाय त्या सल्ल्याने आईच मुलापुढे तोतरी होते.

मुलांच्या वागण्याचे अर्थही भाषेसारखेच शिकावे लागतात. शिक्षक रागावल्यावर खाली बघणारं कोरियन मूल मान राखत असतं. परदेशी शिक्षकाला ती अढी वाटते. मराठी शिक्षकाला हे सांगावं लागत नाही, कारण आपणही तसेच वाढलो. एक वर्षाने मोठ्या मुलाला नुसत्या नावाने हाक मारणं कोरियन मुलांना जड जातं, आपल्याला दादा-ताई सोडवत नाही तसं. अशी माहिती तुमच्याच शिक्षकांच्या खोलीत पडून आहे, फक्त ती कुणी विचारत नाही.

आता तुमच्या पाहणीतल्या पुण्याच्या मुलांकडे येते. त्यांच्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

१९२४ मध्ये जिनिव्हात आंतरराष्ट्रीय शाळा निघाली ती राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेतल्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी. तिथे सगळेच बाहेरून आलेले. आपल्याकडच्या बहुतेक आंतरराष्ट्रीय शाळांत आज भारतीय मुलंच जास्त आहेत. त्यात सॅन होजे, न्यू जर्सी, दुबईहून परतलेल्या घरांची मुलं मोठ्या संख्येने आहेत. आडनाव मराठी, चेहरा मराठी, आजी कोथरूडमध्ये. जर्मन मुलगा रिक्षाला घाबरला तर सगळे समजून घेतात. हा घाबरला तर हसतात. परदेशी वाढणाऱ्या मुलांचा अभ्यास करणारे डेव्हिड पोलॉक अशांना लपलेले स्थलांतरित म्हणत, आणि तो शब्द अगदी बरोबर बसतो. जपानीत तर परदेशातून परतलेल्या मुलांसाठी किकोकुशिजो असा स्वतंत्र शब्दच आहे. तिथे शाळांना आणि समाजाला हा प्रश्न नाव देण्याइतका मोठा वाटला. आपण अजून “आपलाच तर आहे, रुळेल” एवढ्यावर थांबतो.

महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणं बंधनकारक झालं. मला हा कायदा मनापासून पटतो. पण त्याची अंमलबजावणी करताना एका शाळेने वर्गवारी आडनावं बघून केली. कॅलिफोर्नियातून आलेला बारा वर्षांचा मुलगा ‘मराठी येणाऱ्यां’च्या वर्गात बसला. त्याला आजीचं सगळं कळायचं, पण लिहिता येत नव्हतं आणि ‘ळ’चा ‘ल’ व्हायचा. बाई सहज म्हणाल्या, “अरे, हे आडनाव आणि मराठी येत नाही?” वर्ग हसला. त्यानंतर तो आजीशीही इंग्रजीत बोलायला लागला. आजीने मला फोनवर हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. आम्ही ती वर्गवारी मोडली. कुणाला किती येतं यावर तीन गट केले, आणि पहिलं काम दिलं आजी-आजोबांची मुलाखत. ती ध्वनिमुद्रित करून आणायची आणि वर्गात ऐकवायची. लिहिता न येणाऱ्या या मुलाकडे ऐकवायला सगळ्यात सुंदर मराठी होतं, कारण त्याची आजी वाईकडची होती आणि बोलायला लागली की थांबत नव्हती. “परत लाव, परत लाव,” असं मुलं म्हणत होती.

मराठीच्या तासाबद्दल आणखी एक. तुमच्या शाळेत मराठी कोण कुणाशी बोलतं, याची एक दिवस नोंद करा. मराठी फक्त मावशींशी आणि ड्रायव्हरकाकांशी बोलायची भाषा असेल, तीही हुकमापुरती, तर इथल्या मुलांना फार लहान वयात एक गोष्ट कळते, की आपल्या घरातली भाषा या इमारतीत खालच्या पायरीवर आहे. मग झेंड्यांच्या भिंतीवर कितीही झेंडे लावा. मुख्याध्यापिका परदेशी असतील तर त्यांना सकाळी गेटवर “नमस्कार, कसे आहात?” म्हणायला आणि मावशींना नावाने ओळखायला शिकवा. दोन दिवसांचं काम आहे.

या प्रश्नाची दुसरी बाजू निरोपाची, आणि ती शाळा हमखास विसरतात. कंपनीने पाठवलेली कुटुंबं साधारण दोन-तीन वर्षांत जातात. जाणाऱ्यांसाठी केक कापला जातो. राहणाऱ्यांसाठी काहीच नसतं. सातवीतली पुण्याचीच एक मुलगी. सलग तीन जूनमध्ये तिची सगळ्यात जवळची मैत्रीण देश सोडून गेली. चौथ्या वर्षी नवीन आलेल्या मुलींशी ती बोलेचना. शिक्षकांनी ‘उद्धट’ लिहिलं. माझ्यासमोर बसून ती म्हणाली, “ती पण जाणारच आहे ना? मग मी आधीच कशाला?” यावर तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. पण निरोप नीट घेता येतो, एवढं शिकवता येतं. पोलॉक यांनी त्यासाठी चार पायऱ्या सांगितल्या: रुसवे मिटवणं, ज्यांनी आधार दिला त्यांना तसं सांगणं, माणसांचा आणि जागांचाही निरोप घेणं, आणि पुढच्या जागेचा विचार करू लागणं. आम्ही हे मे महिन्यात सुरू करतो, शेवटच्या दिवशी नाही. जाणारा आणि राहणारा दोघेही करतात. भांडण झालेल्या मित्राला पत्र, आवडत्या झाडाखाली डबा, बसच्या काकांना स्वतः जाऊन सांगणं. राहणाऱ्यांचा वेगळा गट जुलैच्या शेवटी, शाळा उघडल्या उघडल्या बसवतो, कारण रिकामी खुर्ची तेव्हाच दिसते. ती सातवीतली मुलगी पुढे या गटाची प्रमुख झाली. नव्या मुलींशी ती लगेच बोलायला लागली असं मी म्हणणार नाही. दिवाळीनंतर बोलली.

डब्याच्या वासाबद्दल थोडक्यात. किमची असो की सुकट, कुणीतरी “ई!” म्हणतंच. त्या क्षणी मुलं सगळ्यात आधी जवळच्या मोठ्या माणसाचा चेहरा बघतात, म्हणून आधी आपले चेहरे सांभाळायचे. आम्ही एकच नियम ठेवला: दुसऱ्याच्या डब्याबद्दल प्रश्न विचारायचा, शेरा मारायचा नाही. जैन मुलांसाठी वेगळं टेबल मागणारे पालक येतील, आणि “अंडंसुद्धा का चालत नाही?” असं विचारणारेही येतील. वेगळा वाढप ठेवा, वेगळं टेबल नको.

अपंगत्व किंवा अध्ययन अडचणी असलेल्या मुलांचं काम हा वेगळ्या उत्तराचा विषय आहे, पण एक गोष्ट राहवत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमताही येतात. सर्वांबरोबर शिकणं हा त्या मुलांचा हक्क आहे. अनेक शाळा प्रवेश देताना पालकांना स्वखर्चाने शॅडो टीचर, म्हणजे फक्त त्या मुलासाठीची मदतनीस, ठेवायला सांगतात आणि मग ती व्यक्ती दिवसभर मुलाला चिकटून बसते, जेवतानाही. मग दुसरी मुलं जवळ येतच नाहीत, मोठ्या माणसाच्या कुशीतल्या मुलाशी कोण खेळणार? मधल्या सुट्टीत तिला दोन टेबलं मागे बसवा. आणि तिला शिक्षकांच्या बैठकीला बोलवा. मुलाबद्दल सगळ्यात जास्त तिला माहीत असतं आणि तिलाच दाराबाहेर ठेवलेलं असतं.

शिक्षकांच्या खोलीबद्दल बोलणं अवघड आहे, पण मुलं ती खोलीही बघतात. परदेशातून नेमलेल्या शिक्षकांना घर आणि विमानाची तिकिटं, तेच विषय शिकवणाऱ्या इथल्या शिक्षकांना त्याहून बराच कमी पगार, आणि चहाच्या वेळी दोन वेगळी टेबलं. पगार तुमच्या हातात नाही. टेबलं आहेत. नव्या परदेशी शिक्षकाच्या शेजारी पहिला महिना कोण बसतं, आणि इथल्या शिक्षकाचं मत बैठकीत कितव्यांदा विचारलं जातं, एवढं जरी बदललं तरी मुलांपर्यंत पोहोचतं.

आंतरराष्ट्रीय दिवस बंद करू नका, पालकांचा त्यात जीव असतो. पण एकेका देशाचा स्टॉल, पोशाख आणि पदार्थ हे सोडा. जिचे आईबाबा दोन देशांचे आहेत आणि जी तिसऱ्यात जन्मली, तिने कोणत्या स्टॉलवर उभं राहायचं? आम्ही एक वर्ष देशांऐवजी खेळ घेतले. प्रत्येक घराने अंगणातला एक खेळ आणायचा आणि शिकवायचा. लगोरी, लंगडी, गोंगी, जर्मन मुलांचे गोटीचे डाव. आजोबा लोक विटीदांडू घेऊन आले. पदार्थ खाऊन लोक पुढच्या टेबलावर जातात. खेळ शिकायला थांबावं लागतं.

वाढदिवसाची आमंत्रणं वर्गात वाटू देऊ नका. महागड्या परदेश सहलीला न जाणाऱ्या मुलांसाठी त्या आठवड्यात शाळेत खरं, मानाचं काम ठेवा. ही दोन्ही कामं या आठवड्यात होण्यासारखी आहेत.

सोशिओग्राम दिवाळीनंतर एकदा आणि फेब्रुवारीत पुन्हा काढा. बाण नसलेलं एकही नाव उरलं नाही, असं माझ्या कोणत्याही शाळेत कधी झालेलं नाही. त्या उरलेल्या प्रत्येक नावापुढे शाळेतल्या एका मोठ्या माणसाचं नाव लिहा, जो रोज त्या मुलाशी दोन मिनिटं अभ्यास सोडून दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलेल. ते नाव मावशींचं असलं तरी चालेल, बरेचदा तेच चांगलं.

हॉलमध्ये जाताना हातात वही नेऊ नका, मुलांना लगेच कळतं. पाण्याची बाटली न्या आणि कूलरपाशी उभ्या राहा.